अमृतसर, एक गडवी आणि अम्मांची परात

आमच्या शेजारच्या अम्मांकडे पितळेची एक परात आहे. काठाला एके ठिकाणी चेमटलेली, मधोमध घासून घासून पांढुरकी पडलेली. अम्मां आता चौऱ्याऐंशीच्या. फाळणीत सिंधमधलं शिकारपूर सुटलं तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. "निघायचा निरोप आला तेव्हा आईची कणीक मळून झाली होती," त्या सांगतात. "मळलेली कणीक टाकायची कशी? परातीसकट उचलली, वर ओलं फडकं घातलं." दागिन्यांचं काय झालं, घराच्या कागदांचं काय झालं, यातलं त्यांना काही आठवत नाही. कणीक आठवते. शिकारपूरहून कराची, कराचीहून बोट, मुंबईचा धक्का, तिथून कल्याणचा लष्करी कॅम्प, आणि सगळीकडे परात बरोबर. महायुद्धातल्या त्या बराकींच्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर नाव मिळालं. आम्ही तिथेच राहतो, कॅम्प नंबर चारला. परातीत आजही रोज कणीक भिजते.

फेब्रुवारीत मी आणि आई अमृतसरला जाऊन आलो ते या परातीपायी, असं म्हटलं तर खोटं होईल. आईला सुवर्णमंदिर पाहायचं होतं आणि मला कुलचे खायचे होते. पण अम्मांच्या नातवानं सांगितलं की तिथल्या टाउन हॉलमध्ये फाळणीचं संग्रहालय आहे आणि लोकांनी घर सोडताना उचललेल्या साध्यासुध्या वस्तू तिथं मांडल्या आहेत. अम्मां सोफ्यावरून म्हणाल्या, "पाहून या. आणि मला सांगा, लोकांनी काय काय आणलं."

शुक्रवार आणि शनिवार : जुन्या नावाची गाडी

विठ्ठलवाडीहून लोकलनं दादर, तिथून मुंबई सेंट्रल, आणि गोल्डन टेंपल मेल. तिकिटं दीड महिना आधी काढलेली, त्यामुळे खालचे दोन्ही बर्थ मिळाले. समोर एक निवृत्त रेल्वेवाले आजोबा होते, अंबाल्याला उतरणारे. ते गाडीचा उल्लेख एकदाही गोल्डन टेंपल मेल असा करेनात. "फ्रंटियर वेळेवर निघाली," "फ्रंटियरला पूर्वी जेवण काय मिळायचं!" असं चाललं होतं.

आणि ते बरोबरच होतं. ही गाडी १९२८ मध्ये फ्रंटियर मेल म्हणून सुरू झाली, मुंबई ते पेशावर. बॅलार्ड पियरला बोटीनं आलेली विलायतेची टपाल आणि साहेबलोक घेऊन ती थेट सरहद्द प्रांतात जायची. १९४७ नंतर पुढचा रूळ दुसऱ्या देशात गेला आणि गाडी अमृतसरला थांबायला लागली. नाव मात्र पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तसंच होतं, १९९६ मध्ये बदललं. म्हणजे सरहद्दीपर्यंत न जाणारी सरहद्द मेल अर्धं शतक धावत होती आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आपल्याकडे व्हीटीला अजून व्हीटीच म्हणतात की."

सकाळी कोट्याला कचोरी घेतली. हिंगाचा वास डब्यात तासभर रेंगाळला. भरतपूरच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही बाजूंना मोहरी, पिवळीधमक. दिल्लीनंतर अंधार, आणि अमृतसर आलं ते मध्यरात्रीच्या सुमारास. प्लॅटफॉर्मवर उतरल्या उतरल्या थंडीनं कानशिलं बधिर केली. आईनं पदर कानावरून घेतला, वर माझी शाल घेतली आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुला नाही ना वाजत?"

(या गाडीनं जाणार असाल तर हॉटेलवाल्याला रात्री उशिरा येतोय हे निघायच्या दिवशी पुन्हा फोन करून सांगा. आमची खोली "तुम्ही येणार नाही असं वाटलं" म्हणून दुसऱ्याला देऊन झाली होती. अर्धा तास हुज्जत घातल्यावर तिसऱ्या मजल्यावरची मिळाली, लिफ्ट नसलेली. आईच्या गुडघ्यांनी पुढचे चार दिवस त्या हॉटेलचा उद्धार केला.)

रविवार : थंड फरशी आणि थाळ्यांचा खणखणाट

पहाटे पाचला निघालो. देवळात जायचं म्हणजे पायऱ्या चढायच्या, ही आपली सवय. इथं उतरायच्या असतात. चपला जोडाघरात दिल्या, पायांवर पाणी घेतलं आणि संगमरवरावर पाऊल ठेवलं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. परिक्रमेत सुंभाच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात, त्या सोडू नका. तळ्यावर वाफ होती, वाफेत सोनेरी मंदिर, आणि कीर्तनाचा आवाज पाण्यावरून यायचा. याचं वर्णन मी करणार नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. थंडीत ओंजळीत घेतलेला गरम कडा प्रसाद मात्र फोटोत कळत नाही. तूप बोटांमधून मनगटापर्यंत येतं.

रांगेत पुढच्या सरदारजींनी विचारलं, कुठून आलात? "महाराष्ट्र" म्हणताच चेहरा खुलला. "हजूर साहिब!" अमृतसरात हे आम्ही निदान दहा वेळा ऐकलं. इथं महाराष्ट्र म्हणजे मुंबई नाही, नांदेड. दुसऱ्या वेळी आईनं स्वतःहून नामदेवांचं नाव काढलं. त्यांची ६१ पदं ग्रंथसाहिबात आहेत हे तिला भजनी मंडळामुळे ठाऊक होतं. त्या गृहस्थांनी हात जोडले आणि नामदेवांच्या घुमानला जाऊन आलात का, असं विचारलं. नव्हतो आलो. २०१५ चं साहित्य संमेलन घुमानला झालं तेव्हा आमच्या ओळखीतले दोघं तिथं गेले होते आणि आम्ही घरी बसून नावं ठेवत होतो. या वेळीही जमलं नाही. तुम्ही वेळ काढा.

लंगरमध्ये पंगत बसते, आणि तिला पंगतच म्हणतात. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. डाळ, भाजी, खीर. जेवणाइतकाच तिथला आवाज लक्षात राहतो. स्टीलच्या हजारो थाळ्या एका टोकाला गोळा होतात, धुतल्या जातात, पुन्हा वाटल्या जातात. सतत खणखणाट, पावसासारखा. आई जेवून उठली ती सरळ भांडी घासणाऱ्या बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. एका बाईनं न बोलता सरकून जागा करून दिली. माझी आई घरी भांडी घासायला बाई ठेवून तिच्यामागे "कडा नीट घास गं" म्हणत उभी राहते. इथं चाळीस मिनिटं बाह्या ओल्या करून घासत होती आणि कुणाला एक सूचना केली नाही.

दुपारी शेजारचा जालियनवाला बाग. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा चौकटी करून दाखवल्यात. तिथं फार बोलावंसं वाटलं नाही, इथंही वाटत नाही.

सोमवार : बंद दार

आणि इथं माझा गाढवपणा. गाड्या, खोल्या, कुलच्यांची दुकानं, सगळं पाहून ठेवलं होतं. संग्रहालय सोमवारी बंद असतं, एवढंच पाहिलं नव्हतं. टाउन हॉलच्या लाल इमारतीपुढे आम्ही दोघी उभ्या आणि पहारेकरी हसून "कल" म्हणतोय. (ठळक अक्षरात लिहून ठेवा : सोमवार सोडून.)

वैताग घालवायला कुलचा. तंदूरच्या आतल्या भिंतीवर थापलेला, आत बटाटा, कांदा, फ्लॉवर, धणे. बाहेर काढला की दुकानदार दोन्ही तळहातांत धरून मुरगाळतो, त्याचे पापुद्रे सुटतात, मग लोणी. बरोबर छोले आणि चिंचेच्या पाण्यात कांदा. आईचा मुद्दा असा की हा पराठाच आहे. मी वाद घातला नाही, दुसरा मागवला.

रिकामा दिवस सत्कारणी लागला तो जंडियाला गुरू या गावामुळे. अमृतसरपासून वीसेक किलोमीटर, जी.टी. रोडवर. इथल्या ठठेऱ्यांची तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवण्याची कला युनेस्कोनं २०१४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आम्हाला एवढंच माहीत होतं आणि पत्ता म्हणून 'बाजार ठठेरियां'. पण पत्ता विचारावाच लागला नाही. रिक्षातून उतरल्यावर आई थबकली. "ऐक."

ठक ठक ठक, मध्येच दोन जलद, पुन्हा एक जड. आईचं माहेर पुण्याचं, कसबा पेठ, तांबट आळीच्या तोंडाशी. लहानपणी त्या आवाजात ती अभ्यास करायची. आवाज थांबला तर जाग यायची, असं ती नेहमी सांगते आणि आम्ही नेहमी हसतो. आता ती पुढे आणि मी मागे, अशा आम्ही त्या गल्लीत शिरलो.

एका अंधाऱ्या खोलीत साठीचे एक गृहस्थ जमिनीवर बसून पितळेच्या गोल पत्र्याला खोलगट करत होते. बाजूला जमिनीतच केलेली भट्टी, वर हातानं चालवायचा भाता. पत्रा तापवायचा, ठोकायचा, ठोकून कडक झाला की पुन्हा तापवायचा. कितीदा? त्यांनी हात हलवला, म्हणजे मोजत नाहीत. आकार आला की वाळू आणि चिंचेच्या कोळानं घासायचं. चिंचेचं नाव ऐकून आई खूश. मग शेवटचं काम : बारीक हातोडीनं पृष्ठभागावर ठिपक्यांच्या ओळी. एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला खेटून, जागा न सोडता, न चढता. भांडं डाव्या हातानं केसभर फिरतं आणि हातोडी एकाच जागी पडत राहते. उजेडात धरलं की नाण्यासारखे शेकडो छोटे आरसे दिसतात.

"आमच्याकडे याला मठारकाम म्हणतात," आई तिच्या हिंदीत म्हणाली. "मठारल्यानं भांडं टणक होतं." त्यांनी हातोडी थांबवून पहिल्यांदा नीट वर पाहिलं. मग पुढचा पाऊण तास मी त्या दोघांच्या खिजगणतीत नव्हते. कल्हई कशी टिकते, काशात कथील किती, तळ जाड का ठेवतात. महाराजा रणजितसिंहांनी काश्मिरी कारागिरांना इथं उत्तेजन दिलं, म्हणून बाजूच्या गल्लीचं नाव गली कश्मीरियां. त्यांचे स्वतःचे आजोबा मात्र १९४७ मध्ये गुजरांवाल्याहून आले. काय घेऊन आले, असं मी विचारलं. त्यांनी ऐरणीकडे बोट दाखवलं. ऐरण म्हणजे जमिनीत पुरलेली लोखंडाची वाकडी पहार, घाव बसून बसून गुळगुळीत झालेली. "ही?" "नाही, ही इथली. हात घेऊन आले." असं म्हणून स्वतःच हसले. हे वाक्य त्यांनी याआधीही पाहुण्यांना ऐकवलेलं असणार, पण चांगलं होतं.

आईनं एक गडवी घेतली. गडवी म्हणजे पंजाबी तांब्या, आपल्यापेक्षा मान जरा आखूड. भाव किलोवर. वजन भरलं सहाशे चाळीस ग्रॅम. पैसे देताना ती गप्प होती. रिक्षात म्हणाली, "आमच्याकडे दोन घंगाळं होती, हंडे होते, बंब होता. तुझ्या जन्माच्या वर्षी सगळं मोडीत घातलं आणि स्टीलचे डबे घेतले. मीच घातलं." मग थोड्या वेळानं, "घासायचं कोण होतं तेव्हा?"

रात्री केसर दा ढाबा. गल्लीबोळांतून ई-रिक्षानं जावं लागतं आणि तिसऱ्या वळणाला आपण हरवलो असं वाटतं. हा ढाबा मुळात १९१६ मध्ये शेखुपुऱ्यात सुरू झाला, फाळणीनंतर अमृतसरला आला. डाळ रात्रभर मंद आचेवर शिजते. पराठ्यावर तूप इतकं की आईनं ताट तिरकं धरून निथळवलं. मातीच्या वाटीतली फिरनी घ्याच, आणि आधी पोटात जागा ठेवा. आम्ही ठेवली नव्हती.

मंगळवार : टाउन हॉल

दहा-साडेदहाला आत शिरलो. पिशवी बाहेर ठेवावी लागली, त्यात गडवी होती, आईनं टोकन दोनदा तपासलं. आत फोटो काढू देत नाहीत. मला आधी राग आला, नंतर बरं वाटलं. माणसं वस्तूंपुढे जास्त वेळ थांबतात.

२०१७ मध्ये पूर्ण खुलं झालेलं हे संग्रहालय सरकारनं काढलेलं नाही, एका न्यासानं लोकांकडून वस्तू मागवून उभं केलं आहे. सुरुवातीची दालनं वाचायची आहेत : वर्तमानपत्रं, नकाशे, पत्रव्यवहार. रॅडक्लिफ हा माणूस जुलै १९४७ मध्ये पहिल्यांदा हिंदुस्थानात आला, पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगालवर रेघ ओढली, आणि ती रेघ लोकांना कळली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या दोन दिवसांनंतर. शाळेत शिकलेलंच. पण त्या खोलीत उभं राहिल्यावर ते दोन दिवस टोचतात. त्या दोन दिवसांत आपण कोणत्या देशात आहोत हे माहीत नसताना लोकांनी स्वयंपाक केला असेल, गुरांना चारा घातला असेल.

मग वस्तू. ट्रंका, पितळी भांडी, कपडे, पत्रं. लहानपणी शाळेच्या सहलीत पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं होतं. तिथले अडकित्ते, दिवे, वज्र्या पाहताना वाटतं, रोजच्या वापरातली गोष्टसुद्धा किती देखणी करायचे लोक. केळकरांची नजर कवीची, त्यांनी निवडून निवडून आणलं. इथं निवड कुणीच केलेली नाही. घाईत हाताला आलं ते आलं. म्हणून ट्रंक ही साधी ट्रंकच असते, कोपरा गंजलेला, कडी वाकडी. आपल्या माळ्यावर आहे तशीच. पंधरा मिनिटांत घर सोडायचं तर मी काय उचलीन, हा विचार तिथं चुकवता येत नाही. माझं उत्तर आलं ते मोबाइलचा चार्जर. लाज वाटली.

एका काचेत फुलकारीचा, म्हणजे पंजाबी भरतकामाचा, कोट आहे, आणि त्याच्याबरोबर चामड्याची एक जुनी हातबॅग. दोन वेगळ्या माणसांच्या वस्तू. फाळणीआधी दोघांचं लग्न ठरलेलं. मग दंगे, त्याचे तीन भाऊ मारले गेले, दोन्ही घरं वेगवेगळ्या वाटांनी पळाली. तिनं धाकट्या भावाबरोबर हा कोट आणला. त्यानं बॅगेत जमिनीची आणि शाळेची कागदपत्रं आणली. अमृतसरच्या निर्वासितांच्या छावणीत अन्नाच्या रांगेत दोघं एकमेकांना दिसले. मार्च १९४८ मध्ये लग्न झालं, अगदी साधं. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, काहीही!

आई मात्र कोटावरच अडली होती. "उकाड्याच्या दिवसांत कोट कोण उचलेल?" मग स्वतःच, "अंगात घातला असेल. अम्मां म्हणतात ना, तीन फ्रॉक एकावर एक घातले होते म्हणून. हातात किती मावणार?" ती काचेवर इतकी वाकली की श्वासाचा डाग उमटला. भरतकाम पाहत होती. फुलकारी उलट्या बाजूनं भरतात, धागे मोजून. उलटी बाजू दिसत नव्हती याची तिला चुटपुट लागली.

भांड्यांच्या काचेपाशी एक आजोबा आणि कॉलेजमधली त्यांची नात होती. मी आईला "तो लोटा बघ" म्हटलं तर आजोबा मान न वळवता म्हणाले, "लोटा नाही. गडवी." आईनं आम्ही कालच घेतली असं सांगितलं, आणि बोलणं सुरू झालं. त्यांचे वडील लायलपूर जिल्ह्यातले शेतकरी. निघताना म्हशी सोडून दिल्या, बांधलेल्या राहिल्या तर उपाशी मरतील म्हणून. काफिल्याबरोबर दोन दिवस चालल्यावर कुणीतरी विचारलं, सरदारा, हातात काय आहे? पाहतात तर म्हशीची साखळी. सोडताना हातात राहिली होती ती राहिलीच. पुढे आणखी चार दिवस चालले, पण मग टाकली नाही.

"कुठे आहे आता?" आईनं विचारलं.

"ट्यूबवेलच्या खोलीच्या दाराला. कुलूप लावायला बरी पडते." नातीनं डोळे फिरवले. तिनं ती साखळी इथं द्या म्हणून कितीदा सांगितलंय म्हणे. आजोबांचं म्हणणं, मग दाराला काय लावू?

पुढच्या एका दालनात विहीर उभी केली आहे. बाहेर पाटी वाचायच्या आधीच कळतं. रावळपिंडी जिल्ह्यात थोहा खालसा गावात मार्च १९४७ मध्ये नव्वदच्या आसपास बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या. आई आत गेली, लगेच बाहेर आली आणि बाकावर बसली. मी पाणी आणलं. तिनं ते प्यायलं नाही, नुसतं हातात धरलं. कुणाबरोबर वयस्कर माणूस असेल तर आधीच कल्पना द्या. मी दिली नव्हती.

पडद्यांवर लोकांच्या मुलाखती चालू असतात. गडबडीत जाऊ नका, एखादी पूर्ण ऐका. वस्तू स्वतः फार थोडं बोलते. काचेतल्या गडवीखाली आठ ओळी होत्या, आणि त्या वाचून मला जेवढं कळलं त्यापेक्षा त्या आजोबांच्या "लोटा नाही" या दोन शब्दांनी जास्त कळलं.

एक खंत मात्र राहिली. अम्मांसाठी मी सिंध शोधत होते. पंजाबच्या मानानं थोडकं सापडलं. अम्मां नेहमी म्हणतात, "पंजाबला अर्धा तरी मिळाला. आमची वाटणीच झाली नाही, सगळंच गेलं." अमृतसर हे पंजाबचं शहर, तेव्हा ते साहजिक आहे. याच न्यासाचं दुसरं संग्रहालय २०२३ मध्ये दिल्लीत दारा शुकोह ग्रंथालयाच्या इमारतीत सुरू झालं, तिथं सिंधसाठी वेगळं दालन आहे. सिंधी शेजार असलेल्यांनी दिल्लीला उतरून तेही पाहावं.

शेवटच्या दालनात एक झाड आहे. पानाच्या आकाराचे हिरवे कागद ठेवलेत, त्यावर लिहून टांगायचं. बहुतेक पानांवर शांतता, प्रेम, पुन्हा असं न होवो. आईनं पेन्सिल घेतली आणि मला म्हणाली, "मराठीत चालेल ना?" चालेल म्हटलं. तिनं लिहिलं : 'उल्हासनगर, कॅम्प नं. ४. अम्मांची परात अजून वापरात आहे.' खाली सही केली, बँकेत करते तशी पूर्ण नावाची.

एकूण तीन तास लागले. दीड तासात उरकतं असं हॉटेलवाला म्हणाला होता, त्यावर विसंबू नका. आणि त्या दिवशी संध्याकाळी अटारीच्या सरहद्दीवरच्या संचलनाचा बेत ठेवू नका. आम्ही ठेवला होता, गेलो नाही. टोकन देऊन पिशवी घेतली, समोरच्या रस्त्यावर उन्हात बसून गाजराचा गरम हलवा खाल्ला. आईनं पिशवीत हात घालून गडवी आहे का पाहिली.

परत

येतानाही फ्रंटियर. थंडी ओसरत गेली, सुरतला पंखे लागले. सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की गडवी आईच्या उशाशी होती आणि रात्री वळणावर घरंगळून खाली पडली तेव्हा डबा जागा झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अम्मांकडे गेलो. त्यांच्याकडे कुणीही जा, आधी पाणी आणि भाजलेला पापड येतो, मग बोलणं. सून आत कणीक मळत होती, परातीचा काठ ओट्यावर आपटल्याचा आवाज येत होता.

"हं, काय काय आणलं लोकांनी?"

आई मोजत गेली. कोट. बॅग. ट्रंका. गडवी. शाळेचे दाखले. म्हशीची साखळी. साखळीला अम्मां इतक्या हसल्या की खोकला आला. विहिरीचं आईनं काढलं नाही, मीही नाही.

मग आईनं पिशवीतून आमची गडवी काढून त्यांच्या हातात दिली. अम्मांनी चष्मा वर करून ती उजेडात धरली, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, बोटाच्या पेरानं टकटक केलं, कानाजवळ नेली, हातावर तोलली.

"कितीला?"

आईनं दोनशे रुपये कमी करून सांगितलं.

"महाग पडली. हलकी आहे." पुन्हा एकदा टकटक. "आवाज चांगला आहे पण." गडवी टीपॉयवर ठेवून त्यांनी ताटली आमच्याकडे सरकवली. "पापड खा, मऊ पडेल."